कर्नलमधील ड्रायव्हर-बदलांचे परीक्षण : स्वरूप, निकष आणि मर्यादा

१. प्रस्तावना

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. विमानसेवा, बँका आणि रुग्णालये यांचे व्यवहार खोळंबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. या घटनेमागे सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीचा एक घटक विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून चालत होता. नव्याने पुरविलेल्या माहिती-फाईलमुळे त्याने २० नोंदींच्या यादीतील २१ वी नोंद वाचण्याचा प्रयत्न केला आणि त्यासरशी संपूर्ण संगणक कोसळला. हीच चूक एखाद्या सामान्य प्रोग्रॅममध्ये झाली असती, तर केवळ तो प्रोग्रॅम बंद पडला असता.

कर्नलमध्ये शिरणाऱ्या कोडची तपासणी किती काटेकोर असावी लागते, हे या घटनेने सर्वांच्या लक्षात आणून दिले. ही तपासणी नेमकी कशी चालते, याचा अभ्यास करण्यासाठी लिनक्स कर्नल हे सर्वांत सोयीचे उदाहरण होय. त्याचा कोड खुला आहे आणि प्रत्येक बदलावरील चर्चाही सार्वजनिकरीत्या होते. लिनक्सचे महत्त्वही मोठे आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनी त्यावर चालतात आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर आधारित आहे. २०२० मध्ये या यादीत स्थान मिळविणारा पुण्यातील सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हाही त्यांपैकीच एक.

ड्रायव्हरमधील प्रस्तावित बदलाचे परीक्षण कोणत्या निकषांवर होते, ते मानवी वाचनावर का अवलंबून असते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, या तीन मुद्द्यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. कर्नल आणि ड्रायव्हर : परस्परसंबंध

संगणकाची मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि जोडलेली उपकरणे यांचे नियमन करणारा कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, कॅमेरा, तापमान-मापक अशा प्रत्येक उपकरणाची भाषा वेगळी असते. ती भाषा कर्नलला समजावून देणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. सामान्य प्रोग्रॅम हा ओसरीवर बसविलेल्या पाहुण्यासारखा असतो. त्याला जे हवे ते मागावे लागते आणि देणे न देणे घरधन्याच्या हाती असते. ड्रायव्हर मात्र थेट माजघरात वावरतो. लिनक्सच्या रचनेत कर्नल व ड्रायव्हर एकाच स्मृतिक्षेत्रात, एकाच अधिकाराने चालतात. त्यामुळे एका साध्या तापमान-मापकाच्या ड्रायव्हरमधील चूकही फाईल-व्यवस्थेची किंवा नेटवर्कची मेमरी बिघडवू शकते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत सुरू केलेल्या या कर्नलचा विस्तार २०२५ च्या आरंभी सुमारे ४ कोटी ओळींपर्यंत पोहोचला. त्यातील निम्म्याहून अधिक कोड ड्रायव्हरचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सच्या विविध आवृत्त्यांची स्वयंचलित साधनांनी तपासणी केली. तेव्हा काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या तुलनेत ड्रायव्हरमध्ये तीन ते सात पट आढळले. फ्रान्समधील संशोधकांनी २०११ मध्ये हाच अभ्यास नव्या आवृत्त्यांवर केला. त्यात दोषांचे दर ओळीमागील प्रमाण ड्रायव्हरमध्ये घटल्याचे आणि काही अन्य विभागांनी त्यांना मागे टाकल्याचे दिसून आले. म्हणजेच ड्रायव्हरची सदोषता अटळ नव्हती.

ड्रायव्हरमध्ये चुका अधिक का राहतात, याची कारणे समजण्याजोगी आहेत. अनेकदा उपकरण जाणणारा अभियंता कर्नलच्या अंतर्गत नियमांशी पुरेसा परिचित नसतो. कर्नल जाणणाऱ्या परीक्षकाकडे ते उपकरण नसते. जुन्या ड्रायव्हरची नक्कल करून नवा लिहिला जातो तेव्हा जुन्यातील चूकही नव्यात उतरते. शिवाय अनेक उपकरणांचे वापरकर्ते मोजकेच असल्याने दोष वर्षानुवर्षे उघडकीस येत नाहीत.

३. बदल-प्रस्तावाचा प्रवास

लिनक्समधील प्रत्येक प्रस्तावित बदलास 'पॅच' म्हणतात. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा आणि तो का आवश्यक आहे हे सोबतच्या निवेदनात स्पष्ट केलेले असावे, असा दंडक आहे. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच, परंतु का बदलले ते निवेदनावाचून कळत नाही. म्हणून परीक्षक प्रथम निवेदन वाचतो. निवेदन व कोड यांत विसंगती आढळल्यास पॅच तेथेच परत जातो.

प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही नोंद अनिवार्य असते. कोड देण्याचा आपणास अधिकार आहे, असे लिहिणारा तीद्वारे प्रमाणित करतो. ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. लिनक्समधील कोडच्या मालकीवरून त्याआधी न्यायालयीन वाद उपस्थित झाला होता. 'रिव्ह्यूड-बाय' ही दुसरी महत्त्वाची नोंद परीक्षकाची असते. आपण तांत्रिक तपासणी केली, आढळलेल्या शंका लेखकापुढे मांडल्या, त्यांचे निराकरण झाले आणि बदल स्वीकारण्यास योग्य वाटतो, एवढेच ती सांगते. कोड निर्दोष असल्याची हमी ती देत नाही. परीक्षणाची मर्यादा अशा रीतीने नियमातच मान्य केलेली आहे.

कर्नलच्या प्रत्येक विभागास एक वा अधिक मेंटेनर असतात. मंजूर पॅच प्रथम मेंटेनरच्या शाखेत आणि तेथून 'लिनक्स-नेक्स्ट' या एकत्रित शाखेत जातो. ही शाखा २००८ पासून कार्यरत असून विविध विभागांतील बदल परस्परांशी जुळतात की नाही, हे तेथे पाहिले जाते. नव्या आवृत्तीसाठी सुमारे दोन आठवडे बदल स्वीकारले जातात. त्यानंतरचे सहा-सात आठवडे केवळ दुरुस्त्यांसाठी राखून ठेवलेले असतात. अशा एका आवर्तनात सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा हजार पॅच समाविष्ट होतात. जुन्या स्थिर आवृत्तींसाठी नियम आणखी कडक आहेत. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत आलेली असावी, ती प्रत्यक्ष त्रासदायक दोषाची असावी आणि संदर्भासह १०० ओळींहून मोठी नसावी.

४. परीक्षणाचे निकष

निकष स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. यूएसबीद्वारे जोडल्या जाणाऱ्या तापमान-मापकाचा ड्रायव्हर परीक्षणासाठी आला आहे, असे समजावे. उपकरण जोडताच कर्नल या ड्रायव्हरचे 'प्रोब' हे फंक्शन चालवतो. त्यात चार कामे आहेत : माहितीसाठी मेमरी मिळविणे, लॉक सिद्ध करणे, ठराविक काळाने तापमान वाचणारा टायमर सुरू करणे आणि अखेरीस वापरकर्त्याला तापमान वाचता यावे म्हणून उपकरणाची नोंदणी करणे. लेखकाने आपल्या संगणकावर ते चालवून पाहिले आहे आणि तापमान अचूक दिसते आहे. तरीही परीक्षकाचे काम येथूनच सुरू होते.

(अ) क्रम : नोंदणी होताक्षणी कोणताही प्रोग्रॅम तापमान मागू शकतो. लॉक सिद्ध होण्यापूर्वी नोंदणी झाली असेल, तर त्या क्षणार्धात आलेली मागणी अर्धवट तयार असलेल्या मेमरीवर जाऊन आदळेल. लेखकाच्या चाचणीत हा क्षण कधीच सापडणार नाही. लाखो संगणकांवर मात्र तो केव्हा ना केव्हा येतोच. म्हणून नोंदणी सर्वांत शेवटी, हा पहिला निकष होय.

(आ) अपयशाच्या वाटा : चौथे काम अयशस्वी झाल्यास काय? टायमर थांबवून मगच मेमरी परत केली पाहिजे. जिना ज्या पायऱ्यांनी चढला, त्याच पायऱ्यांनी उलट क्रमाने उतरावे, तसा हा नियम आहे. मेमरी आधी परत केली आणि टायमर चालू राहिला, तर तो अन्य कोणाच्या तरी ताब्यात गेलेल्या मेमरीत लिहू लागेल. विशेष म्हणजे, महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत टाळावयास सांगितलेली 'गोटू' ही आज्ञा लिनक्समध्ये याच कामासाठी मान्य आहे. अपयश आल्यास फंक्शनच्या शेवटी रचलेल्या उतरत्या पायऱ्यांपैकी योग्य पायरीवर तिच्या साहाय्याने थेट जाता येते. मिळविलेली साधने आपोआप उलट क्रमाने परत करणारी 'डेव्हएम' ही व्यवस्था २००७ मध्ये आली आणि या प्रकारच्या अनेक चुका टळू लागल्या.

(इ) उपकरणाचे जाणे : वापरकर्त्याचा प्रोग्रॅम तापमान वाचत असतानाच कोणी उपकरण उपटून काढले तर? ड्रायव्हरचे 'रिमूव्ह' फंक्शन चालेल, पण प्रोग्रॅमने उघडलेली फाईल तशीच उघडी राहील. 'डेव्हएम' व्यवस्थेने मेमरी उपकरण जाताक्षणी परत केली, तर पुढील वाचन मोकळ्या झालेल्या मेमरीतून होईल. म्हणजे एक चूक टाळणारी सोय दुसऱ्या चुकीचे निमित्त ठरते. अशा ठिकाणी मेमरीचे आयुष्य उपकरणाशी न बांधता तिचा शेवटचा वापरकर्ता जाईपर्यंत मोजणीने टिकवावे लागते. ही मोजणी प्रत्येक वाटेवर जमा-खर्चाप्रमाणे जुळते की नाही, हे परीक्षकाला बोट ठेवून पाहावे लागते.

(ई) कोणत्या स्थितीत कोड चालतो : इंटरप्ट हाताळताना किंवा स्पिनलॉक धरलेला असताना कोडला थांबून वाट पाहण्याची मुभा नसते. सर्वसाधारण पद्धतीने मेमरी मागितली असता कर्नल प्रसंगी वाट पाहायला लावतो. त्यामुळे तेथे वाट न पाहणारी वेगळी मागणी करावी लागते आणि ती नाकारली जाण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. मेमरी मुबलक असलेल्या संगणकावर चुकीची मागणीही बहुधा विनातक्रार चालून जाते. म्हणूनच ती वाचनातच पकडावी लागते.

(उ) बाहेरून आलेली माहिती : वापरकर्त्याने दिलेली लांबी, पत्ता किंवा क्रमांक तपासल्यावाचून वापरू नये, हे सर्वमान्य आहे. उपकरणाकडून येणाऱ्या माहितीवर मात्र बराच काळ डोळे झाकून विश्वास ठेवला जात असे. 'सिझकॉलर' या साधनाने बनावट यूएसबी उपकरणांचा आभास निर्माण करून २०१७ मध्ये अनेक ड्रायव्हरमधील दोष उजेडात आणले. उपकरणाने 'माझी नोंद ६४ बाइटची आहे' असे सांगितले, तरी ती तितकीच आहे असे मानणे योग्य नाही. प्रस्तावनेतील घटनेत ड्रायव्हरची चूक याच जातीची होती : अपेक्षेइतकी माहिती आली आहे, हे गृहीत धरण्याची.

(ऊ) वापरकर्त्याशी झालेला करार : लिनक्समध्ये तापमान मिलि-अंश सेल्सिअसमध्ये देण्याचा संकेत आहे. म्हणजे ४० अंश तापमान ४०००० असे दिले जाते. नव्या ड्रायव्हरने नुसते ४० दिले, तर ते वाचणारे प्रोग्रॅम ०.०४ अंश समजतील. ही चूक आवृत्तीसोबत बाहेर पडली की दुरुस्त करणेही अवघड होते, कारण तोवर कोणीतरी चुकीच्या आकड्यावर विसंबून प्रोग्रॅम लिहिलेला असतो. कर्नलच्या अंतर्गत रचना केव्हाही बदलता येतात, परंतु वापरकर्त्याला दिसणारे वर्तन मोडू नये, हा लिनक्सचा जुना आग्रह आहे.

या सहा निकषांत एक समान सूत्र आहे. उपकरण जोडले, चालले, आकडा बरोबर आला, ही वाट लेखक स्वतःच शेकडो वेळा चालून पाहतो. परीक्षकाचे खरे क्षेत्र म्हणजे क्वचितच चालल्या जाणाऱ्या वाटा होत : अपुरी मेमरी, अर्ध्यावर तुटलेली जोडणी, एकाच क्षणी आलेल्या दोन मागण्या. तेथे चाचणी सहसा पोहोचत नाही, वाचन पोहोचू शकते.

५. एक बोधप्रद प्रकरण : 'ई-१०००-ई' (२००८)

वाचनालाही सीमा असतात. २००८ च्या सप्टेंबरमध्ये २.६.२७ या आवृत्तीची तयारी सुरू असताना इंटेलच्या 'ई-१०००-ई' ड्रायव्हरवर चालणारी काही नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. कार्डाच्या कायमस्वरूपी स्मृतीतील माहितीच पुसली जात असल्याने संगणक पुन्हा सुरू करूनही ती पूर्ववत होत नसत. सॉफ्टवेअरमधील चुकीने हार्डवेअरची हानी होण्याचा हा प्रकार सर्वांनाच धक्का देणारा होता. संशय स्वाभाविकपणे ड्रायव्हरवर गेला.

सखोल शोधानंतर मूळ कारण भलतीकडेच सापडले. फंक्शनच्या चालण्याची नोंद ठेवणारी 'एफट्रेस' ही नवी सुविधा चालू कर्नलमधील कोडच्या ठराविक जागा लक्षात ठेवून नंतर तेथे बदल करीत असे. त्यांपैकी काही जागा आरंभापुरत्या लागणाऱ्या कोडच्या होत्या. काम संपताच तो कोड मेमरीतून काढून टाकला जाई आणि तोच पत्ता पुढे नेटवर्क कार्डाच्या स्मृतीला मिळू शके. जुन्या पत्त्यावर विसंबून 'एफट्रेस' तेथे तुलना-व-बदल ही आज्ञा चालवी. साध्या मेमरीत तुलना न जुळल्यास काही बिघडत नाही. उपकरणाच्या स्मृतीवर मात्र त्या आज्ञेचा परिणाम अनिश्चित असतो.

उपाय दोन बाजूंनी झाला. ड्रायव्हरमध्ये कार्डाच्या स्मृतीस लेखन-संरक्षण देण्यात आले आणि ऑक्टोबर २००८ मधील २.६.२७.१ या आवृत्तीत 'एफट्रेस'ची संबंधित सुविधा बंद करण्यात आली. या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ड्रायव्हरचा पॅच कितीही बारकाईने वाचला, तरी शेजारच्या कोडची चूक त्यात दिसत नाही. माजघर सामाईक असल्याचा हा परिणाम होय. दुसरी, ड्रायव्हर दोषी नसतानाही आपल्या उपकरणाचे संरक्षण करणे त्याच्या हाती होते. 'हा कोड बरोबर आहे काय' या प्रश्नाबरोबरच 'इतर कोणी चुकल्यास हा कोड किती हानी होऊ देईल' हा प्रश्नही परीक्षकाने विचारला पाहिजे.

६. परीक्षण आणि विश्वास

आतापर्यंतच्या विवेचनात लेखक प्रामाणिक असल्याचे गृहीत धरले आहे. या गृहीतकालाच आव्हान देणारी घटना २०२० मध्ये घडली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी वरकरणी उपयुक्त परंतु हेतुतः दोष पेरणारे पॅच वेगळ्या नावाने परीक्षणासाठी पाठविले. परीक्षक ते ओळखतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. या संशोधनाचा रोख बहुतांशी वर वर्णिलेल्या अपयशाच्या वाटांवरच होता. तेथील गळती दुरुस्त करीत असल्याचे भासविणारा लहानसा पॅच मोकळ्या झालेल्या मेमरीच्या वापरास वाट करून देऊ शकतो, हे त्यांचे प्रतिपादन होते.

परीक्षकांची संमती न घेता झालेल्या या प्रयोगावर तीव्र टीका झाली. एप्रिल २०२१ मध्ये स्थिर आवृत्त्यांचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठातून येणारे पॅच स्वीकारणे थांबविले. संशोधकांनी आपला निबंध परिषदेतून मागे घेतला. विद्यापीठाकडून पूर्वी आलेल्या ४३५ बदलांची फेरतपासणी करण्यात आली. त्यांपैकी ३४९ योग्य ठरले, तर ३९ बदलांत दुरुस्तीची गरज आढळली.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की सद्हेतूने पाठविलेल्या बदलांतही सदोष बदल परीक्षणातून निसटले होते. फेरतपासणीचा भार मात्र ज्यांचा वेळ आधीच अपुरा होता, त्यांच्यावरच पडला. कोड लिहिणारे अनेक असतात, तो जबाबदारीने वाचणारे थोडे. परीक्षकाचे लक्ष हीच या व्यवस्थेतील सर्वांत दुर्मीळ साधनसंपत्ती आहे.

७. यंत्रसाहाय्य आणि त्याची मर्यादा

हा भार हलका करण्यासाठी अनेक साधने विकसित झाली. वापरकर्त्याकडून आलेल्या पत्त्यांचा गैरवापर दाखविणारे 'स्पार्स' २००३ मध्ये आले. लॉक घेण्याच्या क्रमातील विसंगती शोधणारे 'लॉकडेप' २००६ पासून आणि मोकळ्या मेमरीचा वापर पकडणारे 'केसॅन' २०१५ पासून कर्नलमध्ये आहे. फ्रान्समध्ये विकसित झालेले 'कॉक्सिनेल' एकाच साच्याची चूक हजारो फाइलींत शोधते. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून रस्ट भाषेला कर्नलमध्ये प्रवेश मिळाला. मेमरीची मालकी व आयुष्य यांविषयीच्या बऱ्याच चुका ही भाषा कोड चालण्यापूर्वीच नाकारते.

ही साधने परीक्षकाला अनेक यांत्रिक कामांतून मोकळे करतात. तथापि बदल मुळात आवश्यक आहे काय, तो योग्य ठिकाणी केला आहे काय, निवेदनात दिलेले कारण खरे आहे काय आणि पाच वर्षांनी हा कोड सांभाळणाऱ्याला तो समजेल काय, हे प्रश्न माणसालाच विचारावे लागतात.

८. समारोप

ड्रायव्हर-बदलांचे परीक्षण म्हणजे केवळ चुका शोधणे नव्हे. कोड चालतो हे सिद्ध करण्याचे काम लेखकाचे असते. तो बिघडला असता कसा वागेल, हे पाहण्याचे काम परीक्षकाचे असते. २००८ व २०२१ च्या अनुभवांवरून परीक्षण अचूकतेची हमी देऊ शकत नाही हे दिसले, परंतु कोणी काय तपासले याची उघड नोंद असल्यामुळेच मूळ कारणापर्यंत जाणे आणि जुने शेकडो बदल पुन्हा तपासणे शक्य झाले, हेही तितकेच खरे.

संगणकशास्त्राच्या अध्यापनाच्या दृष्टीनेही यात एक सूचना दडलेली आहे. विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहून तो चालवून दाखविण्याबद्दल गुण मिळतात. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचून तो कोठे अडखळेल, हे सांगण्याबद्दल क्वचितच मिळतात. लिनक्स कर्नलमधील पॅच आणि त्यांवरील परीक्षकांचे अभिप्राय सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रात्यक्षिकाच्या तासाला असा एखादा लहान ड्रायव्हर-पॅच विद्यार्थ्यांपुढे ठेवून 'येथे मेमरी मिळाली नाही तर काय होईल' एवढा एकच प्रश्न विचारला, तरी लिहिण्याइतकेच वाचणेही हे एक कौशल्य आहे, याची जाणीव त्यांना होऊ शकेल.